भीतीचा तास

आई,

काल तुझं बारावं झालं. भाड्याची भांडी परत गेली, मांडवाचे वासे शेजारच्या उमेशदादाने ओढून नेले, आणि उन्हं कलता कलता त्यानेच फाटकाबाहेरून हाक मारली, "सुजाता, दार धांपून घे गे. तो परत ह्या वाटेन आयला म्हणटात." मी दाराच्या दोन्ही कड्या घातल्या. स्वयंपाकघराच्या जनेलाच्या वाकलेल्या गजांवर आडवी फळी लावली. मग तुझ्या खाटेवर पाय वर घेऊन बसले, लहान पोरगी बसते तशी. उजेड अजून बराच होता. मागच्या केळीत काही सळसळलं की मी पाय आणखी आत ओढायचे, आणि तो वारा आहे हे कळल्यावरही खाली सोडायचे नाही.

तो म्हणजे हत्ती. पेडण्याच्या ह्या आपल्या वाडीत आता 'तो' म्हटलं की दुसरं कुणी डोळ्यांसमोर येत नाही. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, आता हत्तीचं घेत नाहीत, असं तूच फोनवर म्हणाली होतीस. हसलीही होतीस. तुझं ते हसणं मला खोटं वाटलं होतं. भ्यायलेल्या माणसाचं हसणं जरा लवकर थांबतं.

गेले बारा दिवस येणारा प्रत्येकजण मला एकच सांगून गेला. "बाई शांतपणे गेल्या. झोपेत. असं मरण कुणाला मिळतं?" मी मान हलवत राहिले. पण अंगणात, तुळशीपासून चार हातांवर, परातीएवढा एक खळगा होता आणि त्यात पाणी साचलं होतं. वनखात्याच्या माणसाला विचारलं, हे पाऊल कधीचं? तो वाकून बघत म्हणाला, पाणी भरल्यावर सांगणं कठीण. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तिथे माती टाकून वर सारवलंसुद्धा. मी त्या सारवणाकडे बघत बसायचे. तू शांतपणे गेलीस हे मला कुणाच्या तोंडून नको होतं. मला ते ठाऊक व्हायला हवं होतं, आणि तेवढंच होत नव्हतं.

तू ह्या गावची नव्हेस, हे गावाने तुला शेवटपर्यंत विसरू दिलं नाही. वाईट बोलून नव्हे, नुसतं सवयीने. दोडामार्गाकडच्या खोऱ्यातून तू लग्न होऊन गोव्यात आलीस. बाबा तेव्हा डिचोलीकडे खाणीवर ट्रक चालवायचे, म्हणून तुमचा पहिला संसार तिकडेच, ट्रकांच्या रस्त्याला लागून घेतलेल्या भाड्याच्या खोलीत झाला. सगळं लाल. दोरीवरची पांढरी चादर लाल, माडाची झावळं लाल, पाववाल्या पदेराने सायकलवरून आणलेल्या उंड्यांवरही लाल धूळ. तू शिक्षिकेचं शिक्षण घेऊन आली होतीस, तुला गावातल्या मराठी शाळेत घेतलं. विहिरीवरच्या बायका म्हणायच्या, "बाई भायली, पूण बरी." बाहेरची आहे, पण चांगली आहे. हे तू आम्हाला प्रमाणपत्रासारखं ऐकवायचीस.

घरात तू पुस्तकी मराठी बोलायचीस. वर्गातही तीच. माझा 'ण' चुकला की हातातलं काम थांबवून तो दुरुस्त करायचीस. तुझी मालवणी तू दोडामार्गाच्या एसटीतच विसरून आलीस, असं बाबा चिडवायचे. आता वाटतं, भायल्या बाईला आपलं बोलणं बिनचूक ठेवावं लागत असणार. चुकायची मुभा गावातल्यांना असते.

शनिवारचा शेवटचा तास कसा सुरू झाला ते मला नीट आठवतं, कारण मी त्याच वर्गात होते. आमच्या वर्गातल्या रुक्मीला ट्रकचा धक्का लागला. बाबांचा ट्रक नव्हता तो, पण त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. रुक्मीचा पाय बरा झाला आणि तरी ती शाळेत येईना. तिची आई कामगार वस्तीतून तिला ओढत आणायची. रस्त्याच्या कडेला आलं की पोरगी जमिनीवर बसायची आणि तिथेच तिला उलटी व्हायची. तू एकदा तिच्यासोबत त्या धुळीत बसलीस. साडी, मुलं, वर्ग, कशाचा विचार केला नाहीस. मी शाळेच्या पायरीवरून बघत होते. तू तिला समजावत नव्हतीस. तू विचारत होतीस.

"कसा दिसतो गं तो?"

"दात आसात ताका."

"किती मोठे?"

रुक्मीने दोन्ही हात पसरले.

मग तू रद्दी भिजवलीस, उखळात कुटलीस, मेथीची पूड कालवलीस आणि उपड्या घमेल्यावर लगदा थापून ट्रकचा मुखवटा केलास. दात रुक्मीने लावले, नारळाच्या करवंटीचे. मुखवटा वाळल्यावर तो तिनेच घातला आणि आम्हा सगळ्यांना मैदानभर पळवलं. तू टाळ्या वाजवत गाणं रचलंस, उभ्या उभ्या:

लाल लाल ट्रका, ऐक आमची हाक
आधी आमचा रस्ता, मग तुझं चाक

आम्ही ते रोज रस्ता ओलांडताना म्हणायचो. ट्रक थांबायचे नाहीत, पण आम्ही थांबून दोन्हीकडे बघायला शिकलो. रुक्मी येऊ लागली. तेव्हापासून दर शनिवारी शेवटचा तास भीतीचा. ज्याला ज्याची भीती वाटते त्याने ते काढायचं, आणि मग आपण त्याचं काहीतरी करायचं, मुखवटा, गाणं, छोटं नाटक. कुणी देवचाराचं भूत काढलं, कुणी सुई, कुणी भागाकार. एका मुलीने नुसती बाटली काढली. तो कागद तू कुणाला दाखवला नाहीस. घडी घालून ब्लाउजात ठेवलास आणि संध्याकाळी तिच्या घरी गेलीस.

मी वाघ काढला. आपल्याकडे वाघ कुठला! तू माझ्याकडे जरा वेळ बघितलंस आणि म्हणालीस, "छान, पट्टे नीट आलेत." आई, मला वाघाची भीती नव्हती. तू माहेरून परत येताना एसटीतून उतरायचीस तेव्हा तुझे डोळे सुजलेले असायचे. मला वाटायचं, एक दिवस ही तिकडून येणारच नाही. हे कसं काढायचं? रिकामी एसटी काढली असती तर तुला कळलं असतं का? कळलंच असतं. म्हणून तर वाघ काढला.

तू परत येत राहिलीस, माहेरच गेलं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा मी कॉलेजात होते. तू एकटीच बघायला गेलीस. आल्यावर एवढंच म्हणालीस, "देवळाचं शिखर अजून वर आहे." पुढच्या वेळी तेही म्हणाली नाहीस. नानामामाला वरच्या बाजूला जमीन मिळाली, त्याने केळी लावल्या, आणि केळी घडाला आल्या त्या वर्षी घाटापलीकडून हत्ती उतरले. एका पहाटे मामा बागेत गेला आणि एक त्याच्या मागे लागला. मामा रस्त्याखालच्या मोरीत शिरला म्हणून वाचला. त्यानंतर तो जगला बरीच वर्षं, पण दिवस मावळल्यावर घराबाहेर कधी आला नाही. तू त्याला भेटून यायचीस आणि आपले हात पुढे धरून आम्हाला दाखवायचीस, "दादाचे हात असे असतात आता. असे." तुझेही हात तेव्हा तसेच व्हायचे.

म्हणून यंदा चतुर्थीनंतर एक एकटा हत्ती नदीच्या अंगाने आपल्याकडे उतरला तेव्हा मी फोंड्याला माझ्या घरी हातातली भाजी खाली ठेवली. तू निवृत्त होऊन बाबांच्या ह्या घरी आलेली, बाबा गेलेले, छातीत स्टेंट, घराच्या मागे केळी आणि पुढे पिकलेलं भात. हत्तीला बोलावणं धाडल्यासारखं घर. गावात उमेशदादा तुला म्हणाला होता, "बाई, तुमच्या कुळारचो सोयरो आयलो मगो!" तुमच्या माहेरचा पाहुणा आला. सगळे हसले, तूही हसलीस. इतकी वर्षं राहून तू भायलीच, आणि आता हत्तीसुद्धा तुझ्याच खात्यावर.

मी फोन केला.

"आई, आज बॅग भर. विनय गाडी घेऊन येतो."

"भात कापायचं राहिलंय."

"भात उमेशदादा कापेल."

"सुजाता, माझं एक गाव पाण्यात गेलं. दादाचं हत्तींनी खाल्लं. आता हे तिसरं तू सोडायला सांगतेस. चौथं कुठलं तेही सांग."

"चौथं माझं घर."

"तुझं घर तुझं आहे."

असं तू तोडून टाकलंस. मला राग आला आणि मी दुसऱ्या दिवशी स्वतःच आले, तुला न्यायला. तुझ्या जावयाला, विनयला, कामावर जायचं होतं, म्हणून बसने आले. दुपारभर आपण भांडलो. मी तुझे कपडे पिशवीत भरत होते, तू काढून परत फडताळात ठेवत होतीस. शेवटची बस चुकली. सांजवात लावायला तू उठलीस आणि तेवढ्यात मागच्या बाजूला केळ मोडल्याचा आवाज आला.

केळ मोडते तेव्हा ओला आवाज येतो. एक, मग जरा थांबून दुसरा. तू वात विझवलीस. मी तुला वाचवायला आले होते आणि मीच भिंतीला टेकून खाली बसले. तू सरपटत माझ्याकडे आलीस. तो पडवीच्या खांबाला अंग घासत होता, वरून कौलांचा चुरा आपल्या डोक्यावर पडत होता. मग स्वयंपाकघराचं जनेल करकरलं. गज वाकले. सोंड आत आली आणि फळीवरून फिरू लागली, एकेक डबा चाचपत, आंधळ्या माणसाच्या हातासारखी. तिच्या टोकाचा ओला श्वास मला बसल्या जागी ऐकू येत होता. मी ओरडणार होते. तू माझं तोंड आपल्या छातीशी दाबून धरलंस आणि माझ्या कानात बोलू लागलीस.

"भिया नको गो बाय. भिया नको. माझो हात धर. तेका गूळ व्हयो, आमी नको. बग, गूळ घेतल्यान. आता जातलो. जातलो हां तो."

आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्याशी तुझ्या भाषेत बोललीस. 'बाय' म्हणालीस. मला तू कायम 'सुजाता', पूर्ण नाव, शुद्ध 'सु'. त्या अंधारत चाललेल्या खोलीत मला वाटलं, ही बाई मी ओळखत नाही, आणि हीच माझी आई आहे. माझ्या कानाशी तुझं हृदय धडधडत होतं. इतकं जोरात की ते बाहेर त्यालाही ऐकू जाईल अशी भीती वाटली.

गुळाची ढेप घेऊन तो गेला. फटाके वाजले, माणसं आली, बॅटऱ्या फिरल्या. तू उठून चहा केलास. सगळ्यांना दिलास, आणि मग पुस्तकी मराठीत मला म्हणालीस, "तुझे केस विंचर. कौलांचा चुरा पडलाय." मी म्हटलं, आता तरी चल. तू म्हणालीस, सकाळी बघू.

सकाळी रेश्मा आली. इथल्या मराठी शाळेतली ती तरुण शिक्षिका. आधीच पोरं मूठभर, त्यात हत्तीच्या भीतीने आठवडाभर कुणी शाळेत आलं नव्हतं. पट असाच राहिला तर शाळा दुसरीकडे जोडतील, म्हणाली. रडायला आली होती. "बाई, तुम्ही ते काहीतरी घ्यायचात ना मुलांचं, भीतीचं?"

तुझा चेहरा बदलला तो मी पाहिला. मी पेज वाढत होते, पळी तशीच धरून म्हटलं, "आई, नाही हं." तू माझ्याकडे न बघता तिला सांगितलंस, "शनिवारी येते. पोती जमव. जेवढी मिळतील तेवढी."

उंबऱ्यात आपलं शेवटचं भांडण झालं. मी म्हटलं, तुला गावातली पोरं दिसतात, मी दिसत नाही. तू म्हणालीस, "तू दिसतेस म्हणून तर जा म्हणते." मी म्हटलं, तुला काही झालं तर? मी पिशवी उचलून निघाले. आजही मला वाटतं, माझं बरोबर होतं. छातीचं दुखणं असलेल्या एकट्या बाईने तिथे राहायला नको होतं. हे भांडण तू जिंकलं नाहीस, आई. अर्धं टाकून गेलीस.

शनिवारचं रेश्माने मला परवा सांगितलं. पोरांना आणायला तू घरोघर गेलीस. पोती शिवून, आत बांबूच्या कामट्या घालून हत्ती केला, सोंडेला बागेला पाणी घालायची नळी. चार पोरं आत पाय म्हणून शिरली. पुढचे पाय डावीकडे निघाले, मागचे उजवीकडे, आणि हत्ती मधोमध उसवला. तू इतकी हसलीस की पायरीवर बसावं लागलं. मग एका छोट्या मुलीने विचारलं, "बाई, तुमकां भंय दिसता?" तुम्हाला भीती वाटते? रेश्माला वाटलं, तू नाही म्हणशील. मोठी माणसं तसंच म्हणतात. तू म्हणालीस, "दिसता. खूब दिसता. ह्या वयातसुद्धा." मग प्रत्येकाने काय काय केलं तर बरं वाटतं ते सांगायला सुरुवात केली. सोमवारी आईबाप पोरांना घोळक्याने घेऊन, डबे वाजवत शाळेपर्यंत आले. शाळा भरली.

त्या शनिवारी संध्याकाळी तू मला फोन केलास. उसवलेल्या हत्तीचं सांगत होतीस. मी हूं हूं करत होते. शेवटी विचारलं, "येणार कधी?" तू म्हणालीस, "बघू गं. भात झालं की." ते आपलं शेवटचं बोलणं.

बुधवारी सकाळीच उमेशदादाचा फोन. बाई गेली. झोपेत.

काल, मी खाटेवर पाय वर घेऊन बसले असताना, मागच्या दारावर थापा पडल्या. "सुजाता, हांव गे, शेवंती. उगड." उमेशदादाची बायको. तो बाहेर फिरतोय हे ठाऊक असून ती सुपारी-केळीच्या कुळागरातून एकटी धावत आली होती. धापा टाकत म्हणाली, "तू एकटी कशी रावतली?" मी दार परत लावलं. ती खाली बसली, पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "म्हाका आनी सोसना. बाई न्हिदेंत वचूंक ना."

बाई झोपेत गेल्या नाहीत.

त्या पहाटे फटफटत होतं तेव्हा तू तिला फोन केलास. उमेशदादा त्या वेळेला दूध घालायला निघतो. "शेवंती, दार लाव. उमेशाक भायर सोडू नको. तो माझ्या अंगणात असा." तुझा आवाज कापत होता. शेवंती म्हणाली, बाई तुमच्या तिकडचं बोलत होत्या, मला आधी ओळखूच आल्या नाहीत. तिने विचारलं, बाई, तुम्ही आत आहात ना? तू म्हणालीस, आत आहे, दाराला पाठ लावून बसले आहे. मग म्हणालीस, "माका भंय दिसता गो. फोन ठेवू नको."

शेवंतीने फोन ठेवला नाही. बाहेर यायची सोय नव्हती, दोन घरांच्या मध्ये तो उभा होता. उमेशदादा खिडकीतून डबा बडवत होता. आणि ती तुझ्याशी बोलत राहिली. मी विचारलं, काय बोलत होतीस? ती कसनुशी झाली. "कितेंय गे. म्हशीचें. जात्रेचें. हांवें म्हळें, बाई, जात्रेक हांव तुमकां खाजें हाडटां." जत्रेतून तुमच्यासाठी खाजं आणीन. तू मध्ये मध्ये म्हणत होतीस, "बोलत राव, बोलत राव." एकदा तुला दम लागला तेव्हा तिने विचारलं, सुजाताला कळवू? तू म्हणालीस, "नको. ती तशीच गाडी काढून येतली. तो वाटेर आसलो तर?"

मग तुझा श्वास मोठा मोठा होत गेला, आणि फोन कुठेतरी आपटला. शेवंती तरी बोलत होती. किती वेळ, तिला ठाऊक नाही. उजाडल्यावर तो निघून गेला, तेव्हा मागचं दार फोडून ते दोघं आत आले. तुझी पाठ पुढच्या दाराला होती. उमेशदादाने तुला उचलून खाटेवर निजवलं, पांघरूण घातलं, आणि सगळ्यांना सांगितलं, झोपेत गेल्या. तुझ्यासाठी नव्हे, माझ्यासाठी.

"हांवें फोन दवरूंक ना, सुजाता," शेवंती पुन्हा पुन्हा सांगत होती. मी ठेवला नाही. मी ठेवला नाही. मी तिच्या गळ्यात पडले आणि आम्ही दोघी त्या बंद घरात रडलो, तोंडावर हात ठेवून, आवाज न करता, कारण बाहेर तो असेल.

म्हणजे तू घाबरलीस. मला ज्याची भीती वाटत होती ते खरंच निघालं. शांत, झोपेत, हे सगळं खोटं. तू एका दाराला पाठ लावून थरथरत होतीस, तुझ्या दादासारखी. हे ऐकल्यावर मी मोडून पडेन असं मला वाटलं होतं. रात्रभर मी त्याच दाराकडे बघत होते, शेवंती शेजारी झोपली होती. मोडले नाही. तू एकटी नव्हतीस, एवढंच डोक्यात येत राहिलं. गावात कुणीतरी तुला म्हशीचं सांगत होतं. तुझ्या भाषेतलं ऐकत होतं. आणि मला बोलावलं नाहीस म्हणून जो राग येतो, त्याचं काय करू ते मला कळत नाही. मी आले असते, आई. तशीच निघाले असते, तू म्हणालीस तशी.

आज सकाळी विनय आला. किल्ली शेवंतीकडे दिली. ती म्हणाली, दिवा मी लावीन. घराचं काय करायचं ते ठरलेलं नाही, मला आज ठरवायचंही नाही. गाडी निघाली. कालव्याच्या वळणावर रस्त्यात माणसं थांबलेली दिसली. वनखात्याच्या माणसाने हात वर करून गाडी बंद करायची खूण केली. विनयने इंजिन बंद केलं आणि हळूच काच वर घेतली.

तो उजवीकडच्या केळीतून बाहेर आला. भर उन्हात. मी त्याला दिवसाउजेडी कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या मनात तो घराएवढा होता. तसा नव्हता, लहान वयाचा दिसत होता. पाठीवर चिखल वाळून भेगा पडलेल्या, एका कानावर केळीच्या सोपाचा तुकडा अडकलेला. रस्त्यावर मधोमध येऊन थांबला. सोंडेने डांबर हुंगलं. मी सीटची कड घट्ट धरली, आणि त्या तसल्या भीतीतही मला त्याच्या पापण्या दिसल्या, लांब, धुळीने भरलेल्या. तो आमच्याकडे न बघता पलीकडच्या उतारावर गेला, एकेक पाय जपून टाकत.

मी मागच्या रिकाम्या सीटकडे वळले आणि म्हटलं, "आई, बघ."

लोकांनी रस्ता मोकळा केला, मागच्या गाड्यांनी हॉर्न दिले. विनयने बराच वेळ गाडी सुरू केली नाही.